साका न बसलेलं पाणी

ढोक सरांचा हॅलोजनचा धडा मी सव्वीस वेळा ऐकला, आणि एकदाही बाकावर बसून नाही. मूर्तिजापूरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा वर्ग आणि लॅब यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत होती. तिच्या या अंगाला मी, सुगत तायडे, लॅबचा शिपाई, परीक्षानळ्या धूत उभा असायचो. पोरं तो धडा एकदा ऐकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. मला मात्र दरवर्षी थोडा थोडा पाठ होत गेला. एवढं पाठ झालेलं असून त्याचा उपयोग करायच्या वेळी मी गप्प बसलो. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

देवीदास ढोक म्हणजे बुटका माणूस, पण आवाज असा की भिंत नसल्यासारखाच. नोट्स इंग्रजीत द्यायचे, कारण बोर्डाचा पेपर इंग्रजीत. समजावून सांगायचे ते मात्र अस्सल वऱ्हाडीत. "पोट्टेहो, सतरावा गट म्हणजे पाच भावायचं घर. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, अन् शेवटचा ॲस्टेटीन, तो काही कोणाले दिसत नाही. साऱ्यायची अडचण एकच. बाहेरच्या खोलीत इलेक्ट्रॉन पाह्यजेत आठ अन् आहेत सात. म्हणून दुसऱ्याच्या घरचा एक ओढाले सारे टपून बसले." मग फळ्यावर वरून खाली बाण काढायचे. "असं खाली या. भाऊ आंगानं वाढत जाते, रंगानं गडद होत जाते, अन् ताकदीनं कमी होत जाते. सगळ्यात लहान फ्लोरीन, अन् सगळ्यात भांडखोर बी तोच."

मग मला हाक. मी क्लोरीनचं पाणी आणि पोटॅशियम आयोडाइडची नळी घेऊन आत जायचो. पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणात क्लोरीनचे चार थेंब पडले की नळी तपकिरी व्हायची, आणि वर स्टार्च टाकला की काळीनिळी. "पाह्यलं? धाकट्यानं थोरल्याले घराबाहेर काढलं. आता आयोडीन क्लोराइडपाशी जाऊन भांडला तं काही होईन का? काही होत नाही." पोरं हसायची. ज्यांच्या घरी भावांच्या वाटण्या चालू होत्या ती जरा कमी हसायची.

शेवटी सिल्व्हर नायट्रेट. त्यानं माझी बोटं कायम काळी असायची, बायको म्हणायची जेवताना तरी चमचा वापरा. क्लोराइडमध्ये टाकलं तर पांढरा साका, ब्रोमाइडमध्ये फिकट पिवळा, आयोडाइडमध्ये चांगला पिवळाधमक. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात, सर साका म्हणायचे. आणि मग आवाज चढवून ते दरवर्षी एकच वाक्य सांगायचे: "अन् फ्लोराइडचा साका बसतच नाही! सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळून जाते. नळी साफ दिसली म्हणून फ्लोराइड नाही असं समजान तं फसान." त्यानंतर "कोणाले शंका?" असं विचारून घड्याळाकडं पाहत पूर्ण एक मिनिट थांबायचे. सव्वीस वर्षांत त्या मिनिटात कुणी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

आता सरांच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय सर कळणार नाहीत. चतुराबाई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. सरांचं गाव मोझरीकडचं, विहिरीला गोड पाणी. चतुराबाईला दिलं कोळंबखेडला, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीत दोर सोडला तर वर येतं ते मिठाचं पाणी. तिथं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. पाहुण्याला पहिलं विचारतात, पाणी कोणतं देऊ, गोड का खारं. आणि गोड द्यायला घरात असेल तरच विचारतात. बाई माहेरी आली की पाय धुवायच्या आधी उभ्यानंच दोन गिलास पाणी प्यायची. सर तेव्हा अकरा वर्षांचे. गिलास भरून द्यायचं काम त्यांचं. हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. "बापानं वावर पाह्यलं, जमीन पाह्यली, सुगत," म्हणायचे, "पाणी नाही पाह्यलं."

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात चतुराबाईच्या घरच्यांनी गावाला लागून असलेल्या आपल्या वावरात बोअर मारलं. आजूबाजूची सगळी बोअरं खारी निघालेली. हे मात्र चारशे फुटांखाली गोड लागलं. बाई स्वतः कॅन घेऊन जीपमधून लॅबमध्ये आली. सोबत तेव्हाचे सरपंच वामनराव. बाईच्या हातात कॅन असा होता की कुणी घ्यायला गेलं तरी सोडत नव्हती.

सरांनी मला तीन नळ्या लावायला सांगितल्या. एकीत गावच्या जुन्या विहिरीचं पाणी, एकीत कॉलेजच्या नळाचं, एकीत बोअरचं. प्रत्येकीत दोन थेंब नायट्रिक ॲसिड आणि मग सिल्व्हर नायट्रेट. विहिरीच्या नळीत दही लागल्यासारखा घट्ट पांढरा साका बसला. नळाच्या पाण्यात जराशी दूधट झाक आली. बोअरच्या पाण्यातही तेवढीच. सरांनी ती नळी खिडकीच्या उजेडात धरली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"बाई," ते म्हणाले, "तुह्या पाण्यात मीठ नाही. खुशाल पे. साऱ्या गावाले पाज."

वामनरावांनी विचारलं, "जिल्ह्याले नमुना पाठवाचा का, सर?"

"मंग मी अठी काय भजे तळून राह्यलो का?"

सगळे हसले. मीही हसलो. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि हसता हसता रडायला लागली. सर तिच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले, आणि मी नळ्या धुवायला बेसिनपाशी आलो. बोअरची नळी ओतून देताना मला ते वाक्य आठवलं. खोटं कशाला सांगू, शब्दन् शब्द आठवलं. नळी साफ दिसली म्हणून फ्लोराइड नाही असं समजान तं फसान.

मी नळी हातात घेऊन उभा राहिलो. मनाशी म्हटलं, हे वाक्य ज्यांचं आहे त्यांना मी काय सांगू? त्यांच्या ध्यानात असेलच. फ्लोराइड काय सगळ्याच पाण्यात असतं थोडंच? आणि सरपंचासमोर, त्यांच्या बहिणीसमोर, शिपायानं मध्ये तोंड घालायचं? असल्या विचारांना तोटा नसतो, एकामागून एक येतात. बाईनं जाताना माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. ते मी खाल्ले.

आमच्याकडं पाण्याची एकच खोट लोकांना ठाऊक आहे, ती म्हणजे मीठ. पाणी खारं असलं की वाईट, गोड असलं की चांगलं, आणि निवाडा जिभेचा. सरही त्याच मातीतले. पस्तीसेक वर्षं त्यांना बहिणीच्या घरचं मीठ सलत होतं, म्हणून त्या दिवशी त्यांनी फक्त मीठ शोधलं. ते नाही दिसलं आणि त्यांच्यातला मास्तर तिथंच थांबला. बोअर खासगी, त्यामुळं ग्रामपंचायतीच्या तपासणीत ते कधी आलंच नाही. आणि सरांनी पाहिलं म्हटल्यावर कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

पुढची चौदा वर्षं कोळंबखेड ते पाणी प्यायलं. सरकारी पाणीयोजनेचं नळाचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, ते लोक धुण्याभांड्याला घालायचे आणि प्यायला बाईचं बोअर. बौद्धवाड्यातली बाई आणि पाटलाघरची सून एकाच नळीखाली कॅन लावायच्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. ज्या बाईनं लग्नानंतर कितीतरी वर्षं खारं पाणी गिळलं, तिला आता गावात लोक वाट द्यायचे. सरांना तर सगळं गाव मामा म्हणायला लागलं. भाऊबीजेला सर जायचे आणि ओवाळून घेण्याआधी एक गिलास मागून प्यायचे. एका वर्षी मीही सोबत होतो. पाणी खरंच गोड होतं. डाळ दोन शिट्यांत शिजायची.

सर दोन हजार वीस साली निवृत्त झाले. त्यानंतर चार वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत चतुराबाईची नात आचल त्यांच्याकडं राहायला आली. बारा वर्षांची, चुणचुणीत, पण हसताना तळहात तोंडासमोर धरायची. सरांना वाटलं, वयात येते आहे, लाजत असेल. एक दिवस सरांच्या बायकोनं तिचा हात बाजूला केला, तर समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे. सर पोरीवर रागावले. दात घासत नाही म्हणाले, नवीन ब्रश आणून दिला, स्वतः उभं राहून आठ दिवस घासून घेतले. पोरगी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची. पट्टे तसेच.

मग ते तिला घेऊन अकोल्याला गेले. तिथली दाताची डॉक्टर गीतांजली ही त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं दात पाहिले आणि विचारलं, "सर, घरी पाणी बोअरचं आहे का?"

सरांनी मोठ्या अभिमानानं बोअरची सगळी कहाणी सांगितली. साका बसला नव्हता तेही सांगितलं. गीतांजली ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, फ्लोराइडचा साका बसत नाही. तुम्हीच शिकवलं होतं."

हे मला सरांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅबमध्ये आले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "सुगत, सिल्व्हर नायट्रेट काढ." त्यांच्या हातात कोळंबखेडच्या बोअरच्या पाण्याची बाटली होती. मी नळी लावली, ॲसिड टाकलं, थेंब सोडले.

"काय दिसते?"

"जराशी दूधट झाक, सर."

"फ्लोराइड आहे का नाही?"

"याच्यावरून नाही सांगता येत, सर. सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात विरघळून जाते."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुले पाठ आहे."

"इतकी वर्षं ऐकलं ना, सर."

ते स्टुलावर बसले. मला कधीपासून पाठ आहे हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या दिवशी सांगायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून माझी जीभ उचलेना. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या आनंदापुढं उचलली नव्हती, आता दुःखापुढं उचलेना.

नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. या पाण्यात निघालं चार पूर्णांक सहा. सरांनी मला कागद दाखवून समजावलं, जणू मी बारावीत होतो. डाळ शिजवणारं, फेस आणणारं हलकं पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम कमी. आणि फ्लोराइडला बांधून ठेवणारं कॅल्शियम कमी असलं की त्याला मोकळं रान. म्हणजे ज्या खुणांवरून गावानं पाणी चांगलं ठरवलं, त्याच खुणा फ्लोराइडच्या होत्या. "दातात, हाडात जाऊन बसते तो," सर म्हणाले. "तिथला हायड्रॉक्साइड काढते अन् आपण राह्यते. म्या पोट्ट्यायले हेच तं शिकवलं, सुगत. दुसऱ्याच्या घरात घुसते म्हणून."

आम्ही रविवारी सकाळी माझ्या मोटारसायकलवर कोळंबखेडला गेलो. बोअरपाशी कॅनची रांग होती. सर रांगेसमोर उभे राहिले आणि वर्गातल्या आवाजात बोलायला लागले. सगळं सांगितलं. या पाण्यात काय आहे, पोरांचे दात का असे झाले, ज्यांचे गुडघे आणि पाठी धरल्या त्यांनी तपासून घ्यायला हवं, उकळून काही उपयोग नाही. "हे पाणी चांगलं आहे असं म्या सांगतलं होतं. मी चुकलो. आजपासून पेऊ नोका. योजनेचं साठवून प्या, हे धुण्याले वापरा."

कुणी रागावलं नाही. मला वाटतं तेच सगळ्यात वाईट झालं. पार्बताबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "काय सांगता मामा! या पाण्यानं तं आमच्या घरची डाळ शिजाले लागली." दुसरी कुणी म्हणाली, "मंग आता पुन्हा खारं प्यावं का?" वामनराव आता थकलेले, खुर्चीवर बसून होते. ते हसून म्हणाले, "सर, वय झालं की माणसाले भेव वाटते. तुमचं पह्यलंच बरोबर होतं."

"अरे बाप्पा, मले शिव्या द्या, पण हे पाणी सोडा!" सर ओरडले. लोक मायेनं हसले. ते बोलत असतानाच रांगेतल्या एका बाईनं आपला कॅन भरून घेतला.

चतुराबाई या सगळ्यात मागं उभी होती, काठीवर. तिची मान आता वळत नाही. कुणाकडं पाहायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. वयामुळंही असेल, पाण्यामुळंही असेल, डॉक्टर दोन्ही म्हणतात. ती पुढं आली.

"आचलचे डाग जातीन का?"

"वरतून झाकता येतीन, बाई. जाणार नाहीत."

"अन् धाकटा?" धाकटा म्हणजे आचलचा दोन वर्षांचा भाऊ.

"त्याचे दुधाचे आहेत. आता सोडलं तं पुढचे चांगले येतीन."

बाई बोअरच्या मोटारीच्या पेटीपाशी गेली. बटण बंद केलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. रांगेत गलका झाला. वामनराव उठून म्हणाले, "वहिनी, असं नोका करू, साऱ्या गावाचं पाणी आहे."

"बोअर माह्या वावरात आहे," बाई म्हणाली. "पाजलं बी म्याच. आता कोणाचे दात खराब झाले तं माह्या नावानं होतीन." ज्या गावानं तिला वाट दिली होती ते गाव रिकामे कॅन घेऊन पुटपुटत निघून गेलं. एक जण जाताना काहीतरी कडू बोलली. बाईनं ऐकलं, पण मान वळवता येत नव्हती म्हणून असेल किंवा नसेल, पाहिलं नाही.

मग ती सगळं अंग वळवून भावासमोर उभी राहिली. "तुह्या पोटात माह्यासाठी लय होतं रे, देवीदास. म्हणून तुले ते पाणी चांगलं दिसलं. पण कोणी टोकाले पाह्यजे होतं तुले. त्या दिवशी तुह्यापाशी कोणी नोतं का?"

"सुगत होता."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. सर लगेच म्हणाले, "त्याले काहून म्हणते? तो काय करन? त्याचं काम नळ्या धुवाचं."

आजवर मला लोक पुष्कळ बोलले आहेत. पण त्या बाजू घेण्यानं मला जेवढं लागलं तेवढं कशानं लागलं नाही.

परतताना पूर्णेच्या पुलावर मी गाडी थांबवली. सरांना वाटलं पेट्रोल संपलं. मी म्हटलं, "सर, मले आठवलं होतं. त्याच दिवशी. बोअरची नळी धुता धुता."

सर उतरले. मग म्हणाले, "काहून नाही बोलला?"

"तुमी सर होते. मी शिपाई."

"इतक्या वर्षांत म्या तुले शिपाई म्हणून हाक मारली का कई? रागावलो का?"

"नाही."

खरोखर नाही. एकदाही नाही. नळ्यांचा अख्खा खोका माझ्या हातून फुटला होता तेव्हासुद्धा त्यांनी आधी माझा पाय कापला का ते पाहिलं होतं. रागीट माणूस असता तर भीतीचं तरी कारण मला पुढं करता आलं असतं.

"गीतांजली बोलली," सर म्हणाले. "तिले एक मिनिट बी नाही लागलं." मग गाडीवर बसता बसता म्हणाले, "आचलपाशी म्या माह्यी चूक कबूल केली. पोरगी रडली, पण आयकलं तिनं. तुह्यी तू सांग. ती मी सांगणार नाही."

"सांगतो, सर."

त्यानंतर आचल तीनदा मूर्तिजापूरला आली. एकदा सरांनीच तिला लॅबमध्ये पाठवलं, माझ्याकडं, एकटीला. कशासाठी ते मला कळलं होतं. तिनं विचारलं, काका, आयोडीनचा जांभळा धूर खरंच निघतो का? मी बंद कुपी गरम करून दाखवला. ती हसली, तळहात तोंडासमोर धरून. मग म्हणाली, "आजोबा म्हणाले, तुम्हाले मले काही सांगाचं आहे."

मी म्हटलं, "हो. कुपी गरम आहे, हात लावू नको."

ती थोडा वेळ थांबली, आणि गेली.